फुलमेटल अल्केमिस्ट: आधी २००३ची मालिका की ‘ब्रदरहुड’?

ॲनिमे म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका पाहू लागलेल्या माणसाला कधी ना कधी ‘फुलमेटल अल्केमिस्ट’चे नाव सुचवले जाते आणि त्या नावाच्या पाठोपाठ एक अडचणही येते. या नावाच्या मालिका दोन आहेत, दोन्ही स्टुडिओ बोन्सनेच केल्या आहेत, दोन्हींत मेलेल्या आईला किमयेने परत आणू पाहणारे एडवर्ड आणि अल्फॉन्स हेच दोघे भाऊ आहेत, आणि तरीही एक मालिका दुसरीचा पुढचा भाग नाही. ५१ भागांची पहिली मालिका ऑक्टोबर २००३ ते ऑक्टोबर २००४ या वर्षभरात दाखवली गेली. ‘ब्रदरहुड’ या नावाने ओळखली जाणारी ६४ भागांची दुसरी मालिका एप्रिल २००९ ते जुलै २०१० या काळात आली. दोन्ही पाहायच्या म्हटल्या तर वेळ बराच लागतो, म्हणून बहुतेक जण एकच निवडतात आणि बहुतेक वेळा त्यांना ‘ब्रदरहुड’कडे पाठवले जाते. मी दोन्ही मालिका पाहिल्या आहेत, काही भाग पुन्हा पुन्हा पाहिले आहेत, आणि हा सल्ला जितक्या सहजपणे दिला जातो तितका तो सरळ नाही असे माझे मत झाले आहे.

दोन मालिका का झाल्या हे ठाऊक असले तर पुढचे सारे समजायला सोपे जाते. हिरोमु अराकावा यांची मूळ मांगा म्हणजे जपानी चित्रकथा २००१ साली मासिकातून सुरू झाली आणि २०१० साली संपली. तिचे एकूण २७ खंड झाले. पहिली मालिका सुरू झाली तेव्हा मांगाचे थोडेच खंड बाहेर आले होते, त्यामुळे दिग्दर्शक सेइजी मिझुशिमा आणि प्रमुख लेखक शो आइकावा यांनी अराकावांच्या संमतीने मधूनच स्वतःची वाट धरली आणि कथेला स्वतःचा शेवट दिला. यासुहिरो इरिए यांनी दिग्दर्शित केलेली ‘ब्रदरहुड’ आली तेव्हा मात्र मांगा शेवटाकडे पोहोचत होती आणि मांगाचे शेवटचे प्रकरण व मालिकेचा शेवटचा भाग जवळपास बरोबरच लोकांसमोर आले. यावरून पुष्कळ जण असा निष्कर्ष काढतात की मूळ कथेशी प्रामाणिक राहिलेली मालिका ती खरी आणि दुसरी ती तात्पुरती सोय. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. घटनांशी प्रामाणिक राहणे आणि त्या घटनांमागच्या दुःखाशी प्रामाणिक राहणे या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, आणि माझ्या पसंतीचा काटा हलला तो नेमका या फरकामुळे.

तरीही ‘ब्रदरहुड’च्या बाजूने बोलायचे तर पुष्कळ बोलता येते, आणि तेच आधी बोलणे न्यायाचे होईल. इतक्या पात्रांची, इतक्या धाग्यांची आणि इतक्या प्रदेशांत पसरलेली कथा शेवटपर्यंत एकही महत्त्वाचा धागा न सोडता पूर्ण झालेली मी दुसऱ्या कोणत्याही ॲनिमेत क्वचितच पाहिली आहे. पूर्वेकडच्या शिंग देशातून आलेले लिंग याओ, लान फान आणि मे चांग, उत्तरेच्या बर्फात ब्रिग्जचा किल्ला सांभाळणारी जनरल ऑलिव्हिए आर्मस्ट्राँग, ही सारी माणसे फक्त याच मालिकेत भेटतात, आणि त्यांच्यावाचून ही कथा किती लहान झाली असती याची जाणीव त्यांना भेटल्यावरच होते. लढाऊ ॲनिमेत एक गोष्ट नेहमी खटकते: शेवटचा संग्राम सुरू झाला की नायकाखेरीज इतर सगळे जण बाजूला उभे राहून त्याचे नाव घेऊन ओरडतात आणि स्त्री पात्रे तर बहुधा हात जोडून वाट पाहतात. इथे तसे होत नाही. शेवटच्या भागांत जवळजवळ एकाच दिवसाची हकिकत सांगितली आहे आणि त्या दिवशी प्रत्येकाच्या वाट्याला त्याचे स्वतःचे काम आले आहे. सैनिक रिझा हॉकआय, दोघा भावांची गुरू इझुमी, ऑलिव्हिए यांच्यापैकी कुणीही नुसते हात जोडून वाट पाहत बसत नाही. अराकावा होक्काइदोमध्ये दुग्धव्यवसाय करणाऱ्या शेतकरी कुटुंबात वाढल्या. घरातल्या प्रत्येकाने काम केलेच पाहिजे अशा घरातून आलेल्या माणसाने ही कथा लिहिली आहे हे मला त्या भागांत सतत जाणवत राहते.

सैन्याने इश्वाल प्रदेशात केलेल्या संहाराची हकिकतही ‘ब्रदरहुड’ने फार संयमाने सांगितली आहे. ३०वा भाग जवळजवळ सगळा त्यासाठीच राखून ठेवला आहे. तिथे कुणी मोठ्याने रडत नाही, कुणी तत्त्वज्ञान सांगत नाही. ज्यांनी ते हत्याकांड केले ती आपल्याला आवडू लागलेलीच माणसे आहेत एवढे फक्त समोर ठेवले जाते. अराकावांनी मूळ मांगातल्या या हकिकतीच्या तयारीसाठी युद्धात लढून आलेल्या वृद्ध सैनिकांशी बोलून घेतले होते आणि त्या कष्टांची खूण तिथल्या संवादांवर दिसते. मालिकेच्या लांबीमानाने उजळणीचा म्हणावा असा भागही २७वा तेवढा एकच आहे, आणि तोसुद्धा दोघा भावांच्या वडिलांच्या स्वप्नात गुंफलेला असल्यामुळे अगदीच फुकट जात नाही. शेकडो भाग चालणाऱ्या आणि मांगा पुढे सरकेपर्यंत वेळ काढणाऱ्या मालिका ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना या शिस्तीची किंमत वेगळी सांगायला नको.

एवढे असूनही मला माझ्या मनात २००३ची मालिका वर ठेवावी लागते, आणि त्याचे कारण एकच आहे. ते कारण लहान वाटण्याजोगे आहे, म्हणून ते नीट मांडतो.

ॲनिमेतल्या ठरावीक खुणा आपल्या सगळ्यांच्या अंगवळणी पडलेल्या असतात. कपाळावर फुगलेली शीर, डोक्यामागे लोंबणारा घामाचा मोठा थेंब, आणि पात्र चिडले किंवा गोंधळले की त्याचे अचानक ठेंगण्या, मोठ्या डोक्याच्या, ठिपक्यांसारख्या डोळ्यांच्या चिबी रूपात होणारे रूपांतर. एडवर्डला कुणी बुटका म्हटले की तो चिबी होऊन हातपाय आपटतो, लष्करी अधिकारी ॲलेक्स आर्मस्ट्राँग सदरा फाडून भोवती चमचमते तारे उडवतो, सैन्यातलाच मेस ह्यूज कामाच्या मध्येच आपल्या मुलीचे फोटो पुढे करतो. या गमती मूळ मांगातल्याच आहेत आणि ‘ब्रदरहुड’ने त्या प्रामाणिकपणे पडद्यावर आणल्या आहेत. नेमकी इथेच अडचण आहे. मांगाच्या पानावर गंभीर चौकटीच्या कोपऱ्यात एक छोटासा चिबी चेहरा काढलेला असतो तेव्हा वाचकाची नजर त्यावरून आपल्या वेगाने पुढे जाते. हवे तर आपण क्षणभर हसतो, नको तर पाहिले न पाहिले करून पुढच्या चौकटीतल्या दुःखाकडे वळतो. पानावर वेळ वाचकाच्या हातात असतो. पडद्यावर तो दिग्दर्शकाच्या हातात जातो. तोच चेहरा आता संपूर्ण पडदा व्यापतो, त्याला टणकन आवाज असतो, पार्श्वसंगीत थांबते किंवा उड्या मारू लागते, आवाज देणारा कलाकार पट्टी बदलतो, आणि ते दोन-तीन सेकंद प्रेक्षकाला बसून पाहावेच लागतात. सांत्वनाला गेलेल्या घरात सगळे गप्प बसलेले असताना कुणाचा तरी फोन सिनेमाच्या गाण्याने खणखणावा, तशी माझी अवस्था ‘ब्रदरहुड’ पाहताना अनेकदा झाली. फोन बंद होतो, बोलणे पुन्हा सुरू होते, पण आधीची शांतता परत येत नाही.

हे प्रत्येकाला खटकेल असे मी म्हणणार नाही. माझ्या ओळखीच्या काही चांगल्या प्रेक्षकांना याच गमतींमुळे मालिका सुसह्य वाटली. इतके मृत्यू आणि इतका अपराधीपणा असलेल्या कथेत श्वास घ्यायला जागा हवी, असे ते म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. विनोद नकोच, असे माझेही म्हणणे नाही. ग्लटनी या राक्षसी शत्रूच्या पोटातल्या रक्ताच्या समुद्रात अडकलेला एड भुकेपायी आपला चामड्याचा बूट उकळून खातो तो प्रसंग मला ‘ब्रदरहुड’मधला उत्तम प्रसंग वाटतो, कारण तिथला विनोद परिस्थितीतून येतो आणि माणसांची हतबलता आणखी ठळक करतो. माझी तक्रार आहे ती चेहराच बदलून टाकणाऱ्या विनोदाबद्दल. आताच ज्या मुलाच्या डोळ्यांत आपण पश्चात्ताप पाहिला, त्याच मुलाचे डोळे पुढच्या क्षणी दोन ठिपके होतात, आणि मग त्या पश्चात्तापावर विश्वास ठेवायला मन थोडे कमी तयार होते.

२००३च्या मालिकेतही चिबी आहेत, सुरुवातीच्या भागांत तर बऱ्यापैकी आहेत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. फरक आहे तो जागेचा. मिझुशिमांनी विनोदाला बहुतेक वेळा त्याचे स्वतःचे घर दिले. १३व्या भागात एड आणि त्याचा वरिष्ठ अधिकारी मस्टँग यांचा सामना होतो तो सगळाच खेळकर आहे, आणि ३७वा भाग तर मस्टँगच्या हाताखालच्या लोकांच्या गमतीजमतींसाठीच दिलेला आहे. असे भाग कथेला थांबवतात हे खरे, पण ते कथेला जिथे थांबवतात तिथे कुणाचे दुःख चालू नसते. आणि जिथे दुःख चालू असते तिथे ही मालिका सहसा कुणाला मध्ये बोलू देत नाही. एडला रोमी पार्क यांचा आणि अलला रिए कुगिमिया यांचा आवाज दोन्हीकडे आहे. अभिनयातही कुठे उणे नाही. तेच दोन आवाज ऐकताना माझ्यावर होणारा परिणाम मात्र इतका वेगळा आहे की फरक पात्रांत किंवा कलाकारांत नसून दिग्दर्शकाने शांततेला दिलेल्या वेळेत आहे असेच मला मानावे लागते.

या वेळेचाच दुसरा भाग म्हणजे सुरुवातीची गती. ‘ब्रदरहुड’चे पहिले दहा-बारा भाग घाईत आहेत. पहिली मालिका संपून पाच वर्षेही झाली नव्हती आणि प्रेक्षकाला हे सारे आधीच माहीत आहे असे गृहीत धरून ते लिहिले असावेत असे वाटते. नीना या लहान मुलीचा प्रसंग घ्या; काय घडते ते इथे सांगत नाही, पण ॲनिमे पाहणाऱ्यांपैकी पुष्कळांनी ते नाव ऐकलेले असते. ‘ब्रदरहुड’मध्ये नीना चौथ्या भागात भेटते आणि तिची कथा त्याच भागात संपते. २००३च्या मालिकेत ती सहाव्या आणि सातव्या भागात पसरलेली आहे. राज्य किमयागाराच्या परीक्षेची तयारी करण्यासाठी दोघे भाऊ तिच्या घरी राहतात, तिच्याबरोबर आणि तिच्या कुत्र्याबरोबर बर्फात खेळतात, एडचा वाढदिवस येतो, त्याच सुमारास ह्यूजच्या मुलीचा जन्म होतो. त्या घराची आपल्याला सवय होते. मग जे घडते ते पाहुण्याच्या घरी घडत नाही, आपल्या घरी घडते. माझ्या धाकट्या बहिणीने ‘ब्रदरहुड’ आधी पाहिली. तो भाग आम्ही एकत्र पाहिला तेव्हा मी बराच वेळ गप्प होतो आणि ती मला विचारत होती की एवढे काय झाले, ही मुलगी तर आताच आली होती. तिचे काहीच चुकत नव्हते. मला जे दिसत होते त्यातले अर्धे मी जुन्या मालिकेतून सोबत आणले होते.

मेस ह्यूजच्या बाबतीतही असेच आहे. त्याच्या आयुष्यातले निर्णायक वळण ‘ब्रदरहुड’मध्ये दहाव्या भागात येते आणि २००३च्या मालिकेत पंचविसाव्या भागात. पंधरा भागांचा हा फरक म्हणजे पंधरा वेळा त्याचे ते फोटो दाखवणे, पंधरा वेळा त्याचे मस्टँगला लग्न कर म्हणून सांगणे नव्हे; मध्ये मध्ये तो नसतोही. पण माणूस आपल्या ओळखीचा व्हायला जो वेळ लागतो तो त्याला मिळालेला असतो. ॲनिमेत एक जुनी खोड आहे की ज्याला मारायचे आहे त्याच्या तोंडी मरण्यापूर्वीच घाईघाईने कुटुंबाचे, घराचे, भविष्यातल्या बेतांचे बोलणे घालायचे. पुष्कळ पाहिलेला प्रेक्षक ते बोलणे सुरू झाले की ओळखतो. २००३च्या मालिकेतल्या ह्यूजबद्दल मला ते ओळखता आले नाही, कारण तो पहिल्यापासून तसाच बोलत आला होता.

मृत आईची गोष्टही याच प्रकारची. खांद्यावरून पुढे सोडलेले केस असलेली सौम्य, हसरी आई पहिल्या भागांत दिसली की ती फार काळ राहणार नाही हे ॲनिमे पाहणाऱ्यांना आता केसांवरूनच कळते, आणि दोघा भावांची आई त्रिशा एल्रिक त्याच पंक्तीतली आहे. घर सोडून गेलेला बापही आहे. साचा ओळखीचाच आहे, पण एका मालिकेने या साच्याला कथेची सुरुवात करून देणारे कारण म्हणून वापरले आणि दुसरीने त्यालाच कथेचा विषय केले. ‘ब्रदरहुड’मध्ये आईला परत आणण्याचा दोघा भावांचा प्रयत्न हा मूळ अपराध आहे, पण पुढे कथा राज्याच्या, सैन्याच्या आणि एका फार जुन्या कटाच्या दिशेने मोठी होत जाते व तो अपराध हळूहळू मागे पडतो. २००३ची मालिका त्या अपराधाला मागे पडूच देत नाही. तिथे होमंक्युलस म्हणजे अशाच कुणाच्या तरी फसलेल्या प्रयत्नातून जन्मलेले जीव आहेत. म्हणजे समोर उभा असलेला प्रत्येक शत्रू हा कुणीतरी आपले माणूस परत मागितल्याचा परिणाम आहे. याहून अधिक सांगितले तर पाहण्यातली गोडी जाईल. एवढे मात्र सांगतो की या एका बदलामुळे लढाईचा अर्थच बदलतो. समोरच्याला हरवणे आणि आपण केलेल्या गोष्टीकडे पाहणे या दोन क्रिया तिथे वेगळ्या राहत नाहीत. भावांची बालमैत्रीण विनरी हिच्या आईवडिलांचे काय झाले याचेही उत्तर दोन मालिकांत वेगवेगळे आहे, आणि मला २००३चे उत्तर अधिक कठीण वाटते, कारण त्याचे ओझे ज्याच्यावर येते त्याच्यावर आपण तोवर प्रेम करू लागलेलो असतो.

काहीतरी मिळवायचे तर तितक्याच मोलाचे काहीतरी द्यावे लागते, हा किमयेचा नियम दोन्ही मालिकांच्या मुळाशी आहे. ‘ब्रदरहुड’ त्या नियमाशी झगडून, त्याला थोडे रुंद करून, शेवटी त्याच्याशी समेट करते, आणि तो समेट समाधान देणारा आहे. २००३ची मालिका हाच नियम सुरुवातीला अलच्या आवाजात पुन्हा पुन्हा ऐकवते आणि जसजसे भाग पुढे जातात तसतसा तो नियम खरा असण्याबद्दलच शंका वाढवत नेते. कष्ट केले आणि फळ मिळाले नाही अशी माणसे त्या मालिकेत जागोजाग भेटतात. शेवटी तेच निवेदन ऐकताना मला ते अगदी निराळे ऐकू आले. जगाचा हिशेब जुळत नाही असे म्हणणारी आणि तरीही माणसाला तोंडघशी न पाडणारी शोनेन, म्हणजे किशोर मुलांसाठीची, मालिका मी त्यापूर्वी पाहिली नव्हती.

२००३च्या मालिकेतले दोष लपवण्यासारखे नाहीत. पहिल्या पंधरा भागांत काही कथा मांगाबाहेरच्या आहेत आणि त्यांपैकी १०वा, मुखवट्याच्या चोरट्या स्त्रीचा भाग मी दुसऱ्यांदा पाहताना सोडूनच देतो. ११व्या आणि १२व्या भागांत भेटणारे, एल्रिक बंधूंचे नाव लावून फिरणारे दोन तोतये भाऊ मला आवडतात, पण ते मुख्य कथेला पुढे नेत नाहीत हे कबूल करावे लागेल. त्याहून मोठी अडचण शेवटाची आहे. शेवटच्या काही भागांत कथा अशा एका दिशेला वळते की काही प्रेक्षकांचा तिथे हिरमोड होतो. पडद्यामागे असलेल्या मुख्य खलपात्राचा हेतूही ‘ब्रदरहुड’मधल्या कटासारखा नीट बांधलेला नाही. ५१व्या भागानंतर बरेच काही अधांतरी राहते आणि ते पूर्ण करण्यासाठी २००५ साली ‘कॉन्करर ऑफ शाम्बाला’ हा चित्रपट आला, ज्याची कथा बऱ्याच अंशी १९२३च्या म्युनिकमध्ये घडते. चित्रपट वाईट नाही, पण मालिकेच्या तोडीचा मला वाटला नाही. ज्याला सगळ्या गाठी सुटलेल्या, सगळ्यांचे पुढे काय झाले ते सांगितलेले, असा शेवट हवा असेल त्याला ‘ब्रदरहुड’च समाधान देईल, यात दुमत होऊ नये. मला तो अधांतरीपणा खटकला नाही. ज्या मालिकेने पहिल्यापासून हिशेब जुळत नाही असे सांगितले तिने शेवटी सगळा हिशेब जुळवून दाखवला असता तर उलट मला ते खोटे वाटले असते.

चित्रांबद्दल फार बोलण्याची गरज नाही. ‘ब्रदरहुड’ रुंद पडद्याची, स्वच्छ आणि लढाईच्या हालचालींत अधिक सफाईदार आहे. जुनी मालिका जवळपास चौकोनी चौकटीतली आहे आणि मोठ्या टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसतात. रंग मात्र मला जुन्या मालिकेचेच आवडतात, थोडे मातकट, संध्याकाळचे. संगीतात अकिरा सेंजू यांचे ‘ब्रदरहुड’चे काम भव्य आहे आणि मिचिरु ओशिमा यांचे २००३चे काम एकाकी आहे, दोन भावांसाठीचे तिथले रशियन भाषेतले गाणे ज्यांनी त्या मालिकेच्या ओघात ऐकले आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. ‘ब्रदरहुड’ सहज सापडते, जुनी मालिका मला तरी शोधावी लागली, ही व्यावहारिक बाबही विचारात घ्यावी.

एक मधला मार्ग अनेक जण सुचवतात: २००३ची मालिका ह्यूजच्या प्रसंगापर्यंत पाहावी आणि तिथून ‘ब्रदरहुड’वर उडी मारावी, म्हणजे सुरुवातीची खोलीही मिळते आणि पुढची भव्यताही. कागदावर हा तोडगा आकर्षक दिसतो, आणि वेळ फारच कमी असेल तर त्यात मोठे नुकसान आहे असेही नाही. पण २००३ची मालिका पहिल्या पंचवीस भागांत जे पेरते ते तिच्याच पुढच्या पंचवीस भागांत उगवते. होमंक्युलसांचा उलगडा, गुरू इझुमीच्या घरचे दुःख, त्यांच्यापैकीच एक असलेल्या लस्टच्या मनातली घालमेल, या साऱ्याला पुढे वेगळा अर्थ येतो, आणि उडी मारणाऱ्याला तो कधीच कळत नाही. शिवाय ‘ब्रदरहुड’मध्येही काही माणसे आणि काही कारणे वेगळी असल्यामुळे आधी पाहिलेले कुठवर धरायचे आणि कुठून सोडायचे याचा गोंधळ होतो. त्यापेक्षा कोणतीही एक सलग पाहिलेली बरी.

आता निवडीबद्दल. तुम्हाला मोठी, भरगच्च, पुढे पुढे धावणारी आणि समाधानाने संपणारी कथा हवी असेल, कुटुंबातल्या किंवा मित्रमंडळींतल्या कुणासोबत बसून पाहायची असेल, किंवा चिबी चेहरे तुम्हाला खटकत नसतील किंबहुना आवडत असतील, तर ‘ब्रदरहुड’ निवडा आणि पहिल्या बारा-तेरा भागांची घाई सोसून घ्या. त्यापुढे ती मालिका क्वचितच अडखळते. पण तुम्ही एकट्याने, रात्री, सावकाश पाहणारे असाल, एखादा प्रसंग संपल्यावर पुढचा भाग लगेच लावावासा न वाटणे हे तुम्हाला चांगले लक्षण वाटत असेल, तर माझ्या मते २००३पासून सुरुवात करावी. दोन्ही पाहण्याची शक्यता असेल तर क्रमही हाच ठेवावा, आणि मध्ये काही महिने जाऊ द्यावेत. जुनी मालिका आधी पाहिली तर ‘ब्रदरहुड’ची सुरुवातीची घाई भरून निघते, कारण गाळलेले सारे तुमच्याकडे आधीच असते. उलट क्रमाने पाहिले तर जुन्या मालिकेतली सर्वांत मोठी गुपिते तुमच्यासाठी निम्मी उघडी पडलेली असतात आणि तुम्ही तिच्याकडे केवळ मूळ कथेतून झालेले विषयांतर म्हणून पाहू लागता.

इतके वाचूनही निर्णय होत नसेल तर एक छोटी परीक्षा करून पाहता येईल आणि तिच्यामुळे पुढचे कोणतेही रहस्य फुटत नाही. २००३च्या मालिकेचा तिसरा भाग आणि ‘ब्रदरहुड’चा दुसरा भाग हे दोन्ही त्या मुलांच्या बालपणाचे, आईच्या मृत्यूचे आणि तिला परत आणू पाहण्याच्या त्या रात्रीचे आहेत. ते वेगवेगळ्या दिवशी पाहावेत. मुले आईविना राहू लागतात तिथपासून ती तळघरात खडूने वर्तुळ काढतात तिथपर्यंतचा भाग नीट पाहावा, आणि त्यांपैकी कोणत्या भागात त्या घरातली शांतता तुम्हाला ऐकू आली एवढेच आठवून पाहावे. ती ज्या मालिकेत ऐकू आली ती तुमची.